गिरणीच्या कट्ट्यावरचं ॲप

वैष्णवीने बापाची पिठाची गिरणी मोबाईलमध्ये घातली, तेव्हा तेर गावात त्याची गरज कुणालाच नव्हती. गरज होती ती वैष्णवीला. पुण्याच्या कंपनीत ती फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकत असे आणि तिला व्हायचं होतं प्रॉडक्ट मॅनेजर. गौरीशंकर साहेबांनी अट घातली होती, "लोकांची एखादी अडचण शोधा, त्यावर काहीतरी बनवा आणि लोक ते वापरतात हे दाखवा. शनिवारी बोलू. नाहीतर तक्रारी आहेतच."

अडचण शोधायला ती रजा टाकून गावी आली, आणि अडचण तिला दारातच सापडली. गिरणीपुढे डब्यांची रांग लागली होती. इथे माणसाऐवजी डबा रांगेत उभा राहतो आणि डब्याची मालकीण शेजारच्या कट्ट्यावर बसते. चांगली ऐसपैस बसते.

"काय हे! किती वेळ वाया जातोय बायांचा," वैष्णवी म्हणाली.

"तुझ्या जन्माच्या आधीपास्नं जातोय," तिचे वडील बब्रुवान म्हणाले. "कुणी तक्रार केली न्हाय."

तक्रार न करणारा ग्राहक वैष्णवीने कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तिचा यावर विश्वास बसला नाही. तिने उत्कर्ष नावाच्या मित्राच्या मदतीने ॲप बनवलं. घरबसल्या नंबर लावायचा, नंबर जवळ आला की फोन वाजणार, मग डबा घेऊन यायचं. घरोघर फिरून तिने ते बायांच्या फोनमध्ये स्वतःच्या हाताने टाकलं. पोरगी बब्रुवानची, तेव्हा बाया 'व्हय व्हय' म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी ॲपने आधी ज्वारी, मग गहू, मग हरभऱ्याची डाळ, मग परत ज्वारी असे नंबर लावले. ज्वारीमागं ज्वारी आणि गव्हामागं गहू दळायचा असतो, हे ॲपला कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारी वाण्याच्या घरच्या शांतम्मा डबा आपटत आल्या.

"बब्रुवाना, पोळी लाटायला घेतली तर भाकरी व्हायलीय! माझ्या गव्हात कुणाची ज्वारी घातलीस?"

"मला नगा इचारू. फोनला इचारा," बब्रुवान म्हणाले आणि गिरणीचा पट्टा चढवायला आत गेले.

वैष्णवीने ज्वारी सकाळी आणि गहू दुपारी करून टाकला. मग मात्र ॲप असं सुरळीत चाललं की बघत राहावं. फोन वाजे, बाई येई, पीठ घेऊन लगेच जाई. कट्टा ओस पडला. वैष्णवीने त्या रिकाम्या कट्ट्याचा फोटो मोठ्या अभिमानाने साहेबांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी एकाही फोनमध्ये ॲप नव्हतं. रांगेत डबे होते आणि कट्ट्यावर बाया बसल्या होत्या, तोंडं फुगवून.

"मावशी, ॲप का काढलं?" वैष्णवीने शांतम्मांना विचारलं.

"मग काय करू, पूजा करू त्येची? आधी 'डबा रांगेत हाय' म्हणलं की घरात कुणी बोलत नव्हतं. आता फोन वाजला की मालक म्हणतेत, पळ, नंबर आला. अन् पळत यायचं, पळत जायाचं. गेलं की हायच, च्या टाक, धुणं घाल, नातवाला धर. अगं, पीठ तर घरच्या चक्कीतबी निघतंय. आमी हितं पिठासाठी येतो व्हय?"

वैष्णवीला रडूच आलं. शनिवार तोंडावर आला होता आणि हातात काही नव्हतं. तिने नाक पुसलं आणि आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला.

"मग तुमाला काय पायजे?"

"नंबर उशिरा येऊ दे," सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या.

तिने ॲपमध्ये एक बटण वाढवलं. घरून निघताना ते दाबलं की डबा दळून तयार झाला तरी फोनवर नंबर मागेच सरकत राही. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या आळीतल्या बाया स्वतःहून ॲप मागायला आल्या. ज्यांच्या घरी चक्की होती त्याही डबा घेऊन यायला लागल्या. फोन मात्र घरीच ठेवून येत, घरच्यांना पुरावा म्हणून.

तो पुरावा घेऊनच शुक्रवारी कट्ट्यावरच्या एकीचा नवरा, बिरदेव, आला. लग्नाला निघालेला, कडक इस्त्रीत, हातात बायकोचा फोन.

"बब्रूतात्या, ह्यात दिसतंय आमच्याफुडं धा-बारा डबे हायेत. हितं तर एकबी न्हाय!"

बटणाचं बब्रुवानना ठाऊक नव्हतं. त्यांनी कट्ट्याकडे पाहिलं, मग लेकीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातला हातोडा उचलला.

"गिरणीचा दगड गुळगुळीत झालाय, त्याला टाकी लावायला घेतलीय. डबे आत हायेत. ये की बघायला, पीठ जरा उडतंय एवढंच."

बिरदेवने आपल्या पांढऱ्या पँटीकडे पाहिलं. "नगं, ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि गेला.

"वैष्णवे, तुझ्यापायी म्या जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो," बब्रुवान म्हणाले.

"पहिल्यांदा?" कट्ट्यावरून तुळजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनेच, विचारलं.

शनिवारी गौरीशंकर साहेब घरूनच व्हिडिओवर आले.

"वापरणारे भरपूर दिसतायत. छान. लोकांचा थांबायचा वेळ किती कमी झाला?"

"वाढला, सर."

साहेबांनी चष्मा काढला. वैष्णवीने सगळं सांगितलं, बटणासकट. साहेब गंभीर होत गेले.

"ही चक्क फसवणूक आहे. आपण लोकांचा वेळ वाचवतो. ते बटण काढा, मग तुमच्या बढतीचं बघू."

एवढी धडपड ज्यासाठी केली ते समोर होतं. पण कट्ट्यावरच्या बाया तिने पाहिल्या होत्या, साहेबांनी नव्हत्या.

"न्हाय काढणार, सर. त्यांचा वेळ वाचवला तर तो त्यांना मिळतच नाही. घरच काढून घेतं."

साहेब काही बोलणार, इतक्यात त्यांच्यामागून, आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, झाली का मीटिंग? माळ्यावरचं सामान उतरवायचंय!"

"नाही गं, फार महत्त्वाचा मुद्दा निघालाय!" साहेब मोठ्याने म्हणाले. "वेळ लागेल!"

मग त्यांना एकदम भान आलं. त्यांनी पडद्यावर वैष्णवीकडे पाहिलं. तिने चेहरा जमेल तितका सरळ ठेवला होता.

"सोमवारी या," साहेब हळूच म्हणाले. "प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून."

"थँक्यू सर! मग ठेवू?"

"छे छे, ठेवू नका," साहेब घाईघाईने म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटले. "अधूनमधून काहीतरी बोलत राहा."