कंपनीच्या मालकीची कंबरदुखी

आमच्या फाउंड्रीत सुट्टी झाली की कंबरदुखी गेटवर जमा करून घरी जायचं असतं. कंपनीच्या वेळेत, कंपनीचा माल उचलून तयार झालेली वस्तू ती. कामगाराने घरी नेली तर ती चोरीच. सकाळी आपापली ओळखून घ्यायची, अंगाला लावायची आणि कामाला लागायचं. गेटवरच्या टाइम ऑफिसात त्यासाठी फळी मारली आहे. मी तिथला क्लार्क, त्यामुळे फळी पुसायचं कामही माझ्याकडेच.

सगळ्यात मोठी कंबरदुखी बाबासो ढवळेची. पंपांची कास्टिंगं हाताने उचलून उचलून ती इतकी फुगली होती की दोघांनी धरल्याशिवाय फळीवर चढत नसे. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, यापुढे जड उचललंस तर कायमचा वाकशील. घरात कमावणारा तो एकटा.

बाबासो आमच्या मॅनेजरांकडे, वर्तकसाहेबांकडे गेला.

"सायेब, एक चेनपुली बसवा की. हातानं उचलायचं आता हुईना झालंय बघा."

"ढवळे, तुमचा त्रास कमी करायलाच मी इथे बसलोय," साहेब म्हणाले. बसल्या बसल्या त्यांनी एक पोस्टर मागवलं. त्यात एक गोरागोमटा माणूस गुडघे वाकवून, हसत हसत, रिकामं खोकं उचलत होता आणि खाली ‘वजन असे उचला’ असं छापलं होतं. कास्टिंगांना वाचता येत नसल्यामुळे त्यांचं वजन तेवढंच राहिलं. चेनपुली बजेटमध्ये बसत नाही, असं साहेबांनी दरवर्षीप्रमाणे कळवलं.

मग खंडेनवमी आली. मशिनं धुतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. फळीवरच्या कंबरदुख्याही कंपनीच्याच, म्हणून त्यांनाही एकेक फूल वाहिलं. पुजलेल्या वस्तूला आमच्याकडे दसरा होईपर्यंत कोणी हात लावत नाही. त्यानंतर साहेब एक वस्तू स्वतः उचलून कपाळाला लावतात आणि काम सुरू होतं. दरवर्षी ते पाना उचलतात. या वर्षी फोटोग्राफर बोलावला होता, त्यामुळे साहेबांना काहीतरी मोठं हवं होतं. त्यांची नजर फळीवर गेली.

"साहेब, ती नको. बाबासोची आहे," मी म्हणालो.

"बाबासोची कशी? कंपनीची ना?"

"हो, कंपनीची."

"मग झालं तर."

दोघांनी हात लावला, साहेबांनी उचलली, कपाळाला टेकवली आणि "आई गं!" म्हणून खाली बसले. फोटो मात्र छान आला.

नियम असा की जो अंगाला टेकवेल त्याला ती लागते आणि गेटवर हजेरीचं कार्ड दाखवल्यावरच निघते. अधिकाऱ्यांना कार्ड नसतं. साहेब कंबरदुखी घेऊनच घरी गेले आणि घेऊनच परत आले. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात. मला वाटलं, चला, एकदाचं कळलं. माझ्या मूर्खपणाला तोड नव्हती.

इतकी वर्षं बजेटमध्ये न बसणारी चेनपुली त्याच आठवड्यात आली. ती साहेबांच्या केबिनमध्ये, खुर्चीच्या बरोबर वर बसवायची होती. साहेबांना आता खुर्चीतून उठवत नव्हतं.

केबिन वरच्या मजल्यावर. चेनपुली आणि तिची लोखंडी तुळई जिन्याने न्यायची, तीही खांद्यावर.

"ढवळेला पुढे घ्या," साहेबांनी वरून सांगितलं. "त्याची कंबर आता मोकळी आहे."

"मोकळी हाय म्हनून न्हाई, सायेब," बाबासो म्हणाला, "पर नुसत्या पोरांच्यानं हुयाचं न्हाई, म्हनून येतो." आणि त्याने तुळईखाली खांदा दिला.

वर पोहोचल्यावर सगळ्यांनी तुळई खाली ठेवली. सगळे सरळ झाले. बाबासो झाला नाही. मागोमाग वर आलेला मी आणि एक पोर, आम्ही दोघांनी त्याला धरून सरळ करायचा प्रयत्न केला, तेव्हा तो ओरडला. आम्ही सोडून दिलं.

फिटरने चेनपुली बसवली, साहेबांच्या काखेखालून पट्टा घातला आणि साखळी ओढली. साहेब अलगद खुर्चीतून वर आले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. लोंबकळता लोंबकळता त्यांनी खाली पाहिलं. दाराशी बाबासो कमरेत वाकून उभा होता.

साहेबांना गहिवरून आलं.

"अरे ढवळे, एवढं वाकून नमस्कार कशाला? मी फक्त माझं कर्तव्य केलं."