तळघरातले हादरे

आमच्या विभागाच्या इमारतीखालचा खडक केसभरही हलणार नाही, असं मी एकतीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलोय. मी विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात खडक शिकवतो. इमारत बांधण्याआधी जमिनीत नळी घालून काढलेले ग्रॅनाइटचे दंडगोल आजही माझ्या कपाटात आहेत. अंगावर नंबर घालून शाळेतल्या मुलांसारखे ओळीनं उभे. त्यांचे कागदासारखे पातळ काप करून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत. कुठे भेग नाही, पोकळी नाही. माणसांबद्दल मी काही लिहून देणार नाही, पण या खडकाबद्दल कुणीही कागद पुढे करावा, मी उभ्या उभ्या सही करीन, असं मी म्हणायचो.

तर त्याच खडकाला हादरे बसले. एकदा नव्हे. रोज, आणि अगदी घड्याळ लावून.

सुरुवात माझ्या वजनापासून झाली. डॉक्टरांनी काटा पाहिला आणि म्हणाले, "चालायला लागा." मुलगी लांबच्या शहरात असते, तिनंही फोनवर तेच सांगितलं. मी दोन दिवस चाललो. पण चालायच्या रस्त्यावर सगळी माणसं जोडीनं चालतात आणि बोलत असतात. एकट्या माणसाला त्यांना ओलांडून पुढे जावं लागतं. म्हणजे वेग वाढतो, म्हणजे धाप लागते. शेवटी मी उड्या मारायची दोरी आणली. दोरीला दुसरं माणूस लागत नाही.

जागा मिळाली ती विभागाच्या तळघरातल्या दगडांच्या कोठारात. पन्नास वर्षांच्या सहलींतून गोळा केलेले नमुने तिथे लाकडी खोक्यांत भरून ठेवलेत. साडेपाचला इमारतीला कुलूप लागतं, पण कोठाराला मागून एक दार आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती. रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी कोट खुंटीला लावायचो आणि चौऱ्याऐंशी किलो हवेत उचलायचो. चाळीस उड्या, मग एखाद्या खोक्यावर बसून विश्रांती, मग पुन्हा चाळीस.

"घरीच का नाही मारत उड्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"खालच्या मजल्यावरचे कुरकुर करतात," मी सांगितलं.

आता भूकंपाच्या बाईंबद्दल. त्या वर्षभरापूर्वी आमच्या विभागात आल्या. त्यांची खोली व्हरांड्याच्या त्या टोकाला, माझी या टोकाला. वर्षभरात आमचं बोलणं झालं ते असं: नमस्कार नऊ वेळा, 'आज उकडतंय' दोनदा. त्यामुळे एका मंगळवारी दारावर टकटक झाली तेव्हा मला वाटलं, शेजारी कुणी खिळा ठोकतंय.

"सर, आपल्या इमारतीखाली खडक कसा आहे?" बाईंनी विचारलं.

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी आपणहून विचारला नव्हता. मी दंडगोल काढले, काप काढले, सूक्ष्मदर्शक पुसला. पाऊण तास बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग टेबलावर एक लांबलचक कागद पसरला.

"मग हे काय आहे?"

कागदावर एक सरळ रेघ होती आणि तिच्यावर मध्येच केसाळ सुरवंट बसावेत तसे दाट पट्टे.

"सुट्टीत मी तळघरात भूकंपमापक बसवला. कोठाराला लागून जी रिकामी खोली आहे ना, तिथे. थेट खडकात रोवलेल्या खांबावर. सगळ्यांना मेल केला होता."

मी मेल उघडत नाही. त्यात ग्रंथालयाशिवाय माझी कुणी आठवण काढत नाही.

"हे रोज संध्याकाळी येतं," बाई सांगू लागल्या. "दुसऱ्या कुठल्याच केंद्रावर नाही. म्हणजे उगम इथेच, आपल्या पायाखाली. त्या वेळी इमारत बंद असते, मी शिपाईमामांना विचारून खात्री केली. ठोके एकसारखे. चाळीस झाले की थांबतं, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू. खाली एखादी पोकळी असेल, तिच्यात पाणी साचून ठरावीक वेळी उसळत असेल, असं काही?"

मी कागदावरची वेळ पाहिली. सहा वाजून दहा मिनिटं.

"गेल्या गुरुवारी मात्र काहीच आलं नाही," बाई म्हणाल्या.

गेल्या गुरुवारी मी दाढ काढायला गेलो होतो.

इथे सांगून मोकळं व्हायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण बाई माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या खुर्चीवर चार वर्षं फक्त नकाशांच्या गुंडाळ्या बसत होत्या. बाईंनी त्या स्वतः उचलून खाली ठेवल्या होत्या, माझा चहा अर्धा प्यायल्या होत्या आणि आता माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"विचार करावा लागेल," मी म्हणालो.

"मग उद्या येते," त्या म्हणाल्या.

मी विचार केला आणि उड्या बंद केल्या. हादरे थांबतील, विषय आपोआप मिटेल. तीन दिवस दोरी ड्रॉवरमध्ये पडून होती. चौथ्या दिवशी बाई आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या.

"थांबलं, सर. संपलं बहुतेक. उगाच तुमचा वेळ घेतला."

आणि वळून गेल्या. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला. मी खुर्चीकडे पाहिलं. नकाशे अजून खालीच होते.

त्या संध्याकाळी मी साठ उड्या मारल्या.

पुढचे तीन आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात गजबजलेले. बाई रोज सकाळी कागद घेऊन येत. "सर, पुन्हा सुरू झालं. आणि जोर वाढलाय." मी गंभीरपणे मान हलवत असे. मग विभागप्रमुख येऊ लागले. मग जीवाश्मांचे प्राध्यापक. हे गृहस्थ एका कपाटाच्या जागेवरून सहा वर्षं माझ्याशी बोलत नव्हते. तेही येऊन बसले आणि "तुमचं काय मत?" असं मला विचारू लागले. शिपाईमामा ट्रेमध्ये पाच पाच कप आणायला लागले. मी नवे बूट घेतले, जाड तळव्यांचे. त्या दिवशीच्या आलेखावर बाईंनी लाल पेन्सिलीनं दोनदा गोल केला.

मला अपराधी वाटत नव्हतं असं नाही. पण ते वाटायचं रात्री घरी. सकाळी खोलीत माणसं असायची.

मग विभागप्रमुख घाबरले. त्यांनी कुलसचिवांना पत्र लिहिलं की इमारतीखाली हालचाल आहे, जबाबदारी आमच्यावर येऊ नये. कुलसचिवांना तर निमित्तच हवं होतं. पहिल्या वर्षाला चार विद्यार्थी असलेला विभाग त्यांच्या डोळ्यांत कधीचा सलत होता. आठ दिवसांत आदेश आला: इमारत रिकामी करावी. विभाग भूगोलाच्या मागच्या दोन खोल्यांत हलवावा. इमारत पाडून तिथे गाड्या लावायला जागा करावी. तळघरातले दगड भरावासाठी वापरावेत.

भरावासाठी. पन्नास वर्षांचे नमुने.

मी खाली गेलो तर शिपाईमामा खोक्यांवर खडूनं खुणा करत होते.

"भूगोलात त्यांचा शिपाई आहे, सर," ते म्हणाले. "मला कुठे टाकतील?"

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी खडू उचलून त्यांच्याबरोबर खुणा करू लागलो, याहून मोठा निर्लज्जपणा मी आयुष्यात केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. कुलसचिव, त्यांचा लिपिक, आमचा विभाग, आणि चहा देऊन झाल्यावर दाराशी उभे राहिलेले मामा. बाईंनी आलेख भिंतीवर लावले होते. रात्रभर जागून केल्यासारखे नीट, तारखा घालून.

"थोडक्यात, खाली पोकळी आहे," कुलसचिव म्हणाले. "तज्ज्ञांचं तेच मत आहे ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तज्ज्ञ मी होतो. मी बरंच काही लपवलं होतं, पण खडकाबद्दल खोटं बोलायला जीभ उचलेना.

"पोकळी नाही," मी म्हणालो. "खडक उत्तम आहे."

"मग हे हादरे कशाचे?"

"माझे."

"म्हणजे तुमच्या मते कशाचे?"

"माझ्या मते नाही. माझे. मी तळघरात दोरीवरच्या उड्या मारतो."

कुलसचिव लिपिकाकडे वळले. "काय म्हणाले?"

"उड्या, साहेब," लिपिक म्हणाला.

कुणाचा विश्वास बसेना. मग सगळी सभा तळघरात उतरली. अर्धे लोक यंत्रापाशी, अर्धे कोठारात. मी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि कुलसचिवांसमोर उड्या मारू लागलो. सत्ताविसाव्या उडीला दोरी पायात अडकली.

"सत्तावीसवर थांबलं," भिंतीपलीकडून जीवाश्मांचे प्राध्यापक ओरडले. त्यांच्या आवाजात आनंद होता.

बाईंनी नवा कागद जुन्या कागदाशेजारी धरला. दोन्हीकडे तेच सुरवंट. त्यांनी दोन्ही कागद गुंडाळून ठेवले.

"पण मी म्हणतो, घरी का नाही मारत तुम्ही उड्या?" कुलसचिवांनी विचारलं.

"खालच्या मजल्यावरचे..." मी सुरुवात केली.

"सर तर तळमजल्यावर राहतात," मामा म्हणाले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पोचवायला ते घरी येत, त्यामुळे त्यांना पक्कं माहीत होतं.

सगळे हसले. मीही हसायला पाहिजे होतं. पण दम लागलेला असताना माणूस नको ते बोलून जातो.

"सहाच्या सुमाराला ही कामावरून यायची," मी म्हणालो. "तिला जाऊन चार वर्षं झाली. त्या वेळी घरी असलो की कान दाराकडे लागतात. म्हणून मी सातनंतर जातो."

कुणीतरी खोकलं. कुलसचिव खोक्यांवरची लेबलं वाचू लागले. सभेच्या इतिवृत्तात हे 'वैयक्तिक कारणास्तव' असं आलं आहे.

आदेश मागे घेतला गेला. खडूच्या खुणा मामांनी ओल्या फडक्यानं पुसल्या. अहवालात लिहिलं गेलं: हादऱ्यांचा उगम, प्राध्यापक, एक. वजन अंदाजे नव्वद किलो. मी हरकत घेतली की माझं वजन चौऱ्याऐंशी आहे. "यंत्रानं काढलंय," विभागप्रमुख म्हणाले आणि कोठाराची किल्ली माझ्याकडून काढून घेतली.

मग सगळे आपापल्या खोल्यांत परतले. जीवाश्मांच्या प्राध्यापकांना ते कपाट पुन्हा आठवलं. मामांच्या ट्रेमध्ये एकच कप येऊ लागला.

मी बाईंची माफी मागायला गेलो.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी हसले असते, सर," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तीन दिवस थांबलात आणि मग पुन्हा सुरू केलंत. ते का?"

"तुम्ही यायच्या थांबलात."

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली.

"माझं महिन्याभराचं काम होतं ते," त्या म्हणाल्या. "इथे आल्यापासूनचं पहिलं."

मी परत आलो. त्यानंतर आमचा नमस्कारही बंद झाला. संध्याकाळी मी घरी राहू लागलो. रेडिओ मोठ्यानं लावायचो आणि दाराकडे पाठ करून बसायचो.

पंधरा-सोळा दिवस असे गेले. मग एका रविवारी दुपारी फोन वाजला.

"सर, तुम्ही तळघरात आहात का?" बाई होत्या.

"नाही. घरी आहे."

"नक्की?"

"नक्की. कपडे वाळत घालतोय."

"मग यंत्रावर हे काय येतंय? मी आत्ता समोर बसून बघतेय. बारीक कंप आहे, थांबतच नाही." त्या जरा थांबल्या. "खडकाचं काही असलं तर तुम्हालाच कळेल. बघायला येता का?"

त्यांच्या आवाजामागे फोनमधून घुर्र घुर्र असा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"येतो," मी म्हणालो. बादलीत दोन शर्ट तसेच ठेवून निघालो.

बाईंनी चहा करून ठेवला होता. आम्ही तास-दीड तास आलेखाकडे पाहत बसलो. ग्रॅनाइटमधून कंप कसा जातो, मातीतून कसा जातो, यावर बोललो. त्यांच्या आईला ऐकू कमी येतं आणि तरीही ती फोनवरच बोलायचा हट्ट धरते, असं त्यांनी सांगितलं. माझ्या दाढेची चौकशी केली. चारच्या सुमाराला रेघ सरळ झाली. उद्या पुन्हा लक्ष ठेवायला हवं, असं आमचं दोघांचं ठरलं.

तुमच्यापासून काय लपवायचं? शेजारच्या रसायनशास्त्र विभागानं शुक्रवारी पाण्याचा नवा पंप बसवला होता. तसा कागद आमच्या सूचना फलकावर लागला होता आणि मी तो वाचला होता. बाईंनी वाचला होता का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. टाकी रोज भरावी लागते.