बादूचं खोकं आणि सासूबाईंचा फोटो

सासूबाई वारल्या तेव्हा बादू घरातल्या सगळ्यांबरोबर रडला, पण त्याच्या रडण्यात थोडी धास्तीही होती. अंत्यविधीचं पोस्टर छापायचं काम त्याने चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. कुमासी शहरात जावई हात हलवत अंत्यविधीला आला तर पुढची दहा वर्षं लोक ते विसरत नाहीत. त्यात बादूचं तिथल्याच बंतामा भागात 'देवाची वेळच खरी' नावाचं छपाईचं दुकानच होतं. पोस्टर फसलं तर नाक कापलं जाणार होतं, आणि तेही सासरच्यांसमोर.

दुकानात कॉम्प्युटर एकच, सतरा वर्षांचा. सासूबाई, म्हणजे सेरवाबाई, त्याला खोकं म्हणत. आल्या की काठीने त्याला ढोसत. "जावईबापू, हे खोकं माझ्याआधी जाणार. लिहून ठेवा!" बादू मान डोलवे. सेरवाबाईंना उलट बोलणारा माणूस बंतामात अजून जन्मला नव्हता.

तिकडे देह शवागारात ठेवून अंत्यविधी काही आठवड्यांनी करतात. बाईंचा येत्या शनिवारी होता, बुधवार उजाडला होता आणि पोस्टरवर बाईंचा फोटोच नव्हता. तसा एक होता. विम्याच्या कार्डासाठी बादूनेच सहा वर्षांपूर्वी काढलेला, याच खोक्यात पडून असलेला. पण त्याची बायको आफ्रिये ऐकेना.

"तो? त्यात आई चावायला आल्यासारखी दिसतेय! डान्सो आणतोय ना चांगले फोटो."

डान्सो म्हणजे आफ्रियेचा भाऊ, हॅम्बुर्गचा. तो आला, गॉगल कपाळावर चढवला आणि पाकिटाएवढी चकचकीत हार्ड डिस्क टेबलावर ठेवली. मागोमाग बोआतेंग मामा आले. सेरवाबाईंचे धाकटे भाऊ आणि आता कुळाचे प्रमुख. त्यांनी खांद्यावरचं काळं वस्त्र सावरलं आणि दुकानातली एकमेव धड खुर्ची बळकावली.

"चारशे बारा फोटो आहेत," डान्सो म्हणाला. "गेल्या ख्रिसमसला काढलेत. लाव."

बादूने डिस्क जोडली. दिवा लुकलुकला, आतून टकटक झाली आणि सगळं थंड.

"हॅम्बुर्गला तर लावली की चालते."

"इथंही चालेल. खोक्यातून वीज कमी पडतेय," बादू म्हणाला. त्याने दोन तोंडांची केबल शोधून काढली. एका तोंडाने भागेना तर दोन्हीकडून वीज ओढायची. पण भोकं दोनच, आणि दुसऱ्यात माउस होता. बादूने माउस उपटला.

"आता माउसशिवाय काय करणार?"

"कीबोर्ड आहे ना! त्याचं भोक वेगळं."

"त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या अब्राफीकडे जाऊ. तिच्याकडे सगळं नवं आहे," डान्सो म्हणाला.

अब्राफीचंही छपाईचंच दुकान. सासूबाईंचं पोस्टर अब्राफीच्या दुकानात! त्यापेक्षा दुकानाला कुलूप लावून गाव सोडलेलं बरं.

इतक्यात डिस्क गुरगुरली, फिरायला लागली. बादू ओरडला, "झालं!" आणि पडद्यावर एक चौकट उगवली. डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का? होय, नाही.

नव्या डिस्कची मांडणी जुन्या यंत्राला उमगत नव्हती. जे वाचता येत नाही ते कोरं आहे असं धरून चालणारं ते खोकं, आता सगळं पुसून पाटी साफ करू का म्हणून विचारत होतं.

"काय म्हणतंय ते?" मामांनी विचारलं.

"काही नाही मामा, उगाच विचारतंय. होय म्हटलं तर सगळं पुस..."

"थांबा!" मामांनी हात वर केला. "वस्तू कुळाची. प्रश्न कुळाला विचारलाय. उत्तर कुळ देईल. जावयाने मध्ये तोंड घालायचं नाही."

"अहो पण मामा..."

"आम्ही म्हातारीला विचारून येतो."

पेच पडला की थोरांनी बाजूला जाऊन 'म्हातारीला विचारायचं', ही तिकडची जुनी रीत. म्हातारी खरोखर असावी लागत नाही. पण या कुळात गेली वीस वर्षं ती खरोखर होती, आणि तिचं नाव सेरवाबाई. मामा, डान्सो आणि आफ्रिये मागच्या गटारापाशी जाऊन उभे राहिले. मग आफ्रिये हुंदका देऊन म्हणाली, "आता विचारायचं कुणाला?" आणि मामांनीही वस्त्राच्या टोकाने डोळे पुसले.

तरी निकाल लागलाच. मामा परत आले आणि घसा खाकरून म्हणाले, "विचारणारा नम्रपणे विचारतोय. नाही म्हणणं आपल्या कुळाला शोभत नाही. होय म्हणायचं ठरलं."

आणि त्यांनी अंगठा उगारला, तो थेट कीबोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या बटणाच्या दिशेने.

बादूने टेबलाखाली पाय लांब केला आणि अंगठ्याने खोक्याच्या वीजबोर्डाचं बटण दाबलं. पडदा काळा.

"अरेरे! लाइट गेली!" बादू कळवळून म्हणाला.

मामांनी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आफ्रियेने वर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग टेबलाखालच्या नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं आणि मुकाट्याने रुमाल डोळ्याला लावला.

"बस झालं!" डान्सोने डिस्क उपटली आणि तो तरातरा अब्राफीकडे निघून गेला. बादू कपाळाला हात लावून बसला. फोटो वाचवले होते, पण अब्रू गेली होती.

तासाभराने डान्सो परत आला तेव्हा गॉगल डोळ्यांवर होता.

"उघडले?" आफ्रियेने विचारलं.

"उघडले."

"मग?"

"चारशे बाराच्या चारशे बारा..." डान्सो अडखळला. "माझेच आहेत. मी आणि गाडी. मी आणि बकरा. मी आणि चर्च. आईचं एकात कोपर आहे. एकात डोक्याचा रुमाल. अर्धा."

"मेल्या! अख्खी आई समोर असताना तुला स्वतःचंच थोबाड दिसलं?" आफ्रिये त्याच्या अंगावर धावून गेली. मग दमून बादूकडे वळली. "लावा तो. चावणारा."

बादूने खोकं चालू केलं, माउस जोडला आणि सेरवाबाईंना भिंतीएवढं मोठं केलं. पोस्टर छापून निघालं, भिंतीला लागलं. भुवया चढलेल्या, ओठ आवळलेले, आणि नजर नेमकी खोक्यावर रोखलेली. थोरल्यांसमोर उभं राहताना करतात तसं मामांनी नकळत खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं, आणि चपलाही काढल्या.

"अगदी तीच," ते पुटपुटले. आणि आफ्रिये मोठ्याने रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळेपणी.

सगळे गेल्यावर बादू राहिलेली पोस्टरं काढत बसला. शेवटचं बाहेर पडलं आणि खोक्यातून 'फुस्स' असा आवाज आला. जळका वास सुटला. या वेळी बोर्ड चालू होता, बटणावर कुणाचा पाय नव्हता. बादूने सगळं करून पाहिलं, थोपटलंसुद्धा. खोकं गेलं होतं.

त्याने भिंतीकडे पाहिलं. सेरवाबाई बघतच होत्या.

"आई," बादू म्हणाला, "तुमच्याआधी नाही गेलं हं. एकोणीस दिवसांनी गेलं."

आयुष्यात पहिल्यांदाच तो सासूबाईंना उलट बोलला होता. पण हळू आवाजात, आणि चपला काढून.