शिंजिरासाठी टांगलेली बाटली

“बघीत रव तू! शिंजीर माज्या हातार बसान सरबत पितलो!”

वीज खात्यातून निवृत्त झालेल्या जयरामने ही घोषणा केली तेव्हा त्याची बायको सुमंगला बांगडे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

“पयली मांजरी ताटार बसान जेवंदे,” ती म्हणाली, “मगे शिंजिराचा बघया.”

पण मोबाईलवरचा व्हिडिओ पाहून माणूस एकदा पेटला की विझत नाही. व्हिडिओतल्या बाईच्या अंगणात इवलेसे जांभळे शिंजीर टांगलेल्या बाटलीला चोच लावून साखरपाणी ओढत होते. कोरगावात शिंजिरांना तोटा नव्हता, पण सगळे मेले शेजारच्या सगुणच्या जास्वंदीवर! जयरामच्या अंगणाकडे ढुंकूनही पाहत नव्हते. हे त्याला फार दिवस खुपत होतं.

म्हणून बाटली सगुणच्या हद्दीलगत हवी, म्हणजे गिऱ्हाईक जाता-येता इकडे वळेल! हद्दीवर जुना फणस होता. अरुंद तोंडाची बाटली घरात एकच निघाली, फेणीची. पाखरांना तांबडा रंग लांबून दिसतो, म्हणून साखरपाण्यात बिटाचा रस घातला आणि बाटलीच्या गळ्याला तांबडी चिंधी बांधली. सकाळी आंघोळ झाली तसा ओल्या पंच्यानिशी, उघड्याबंब अंगाने जयराम फणसाखाली गेला. बाटली टांगली. बुंध्याशी जास्वंदीची फुलं ठेवली. मग पाखरं बिचकू नयेत म्हणून हात छातीशी घेऊन, डोळे किलकिले करून तो खांबासारखा उभा राहिला.

आता कोरगावात हे दृश्य पाहून कोणाला पाखरं आठवतील? जागा सांभाळणाऱ्या अदृश्य देवाला, राखणदाराला, झाडाखाली दारू आणि जाड भाकरीचा रोट ठेवायचा रिवाज तिथे अजून घरोघरी आहे! सगुणची बायको सरस्वती जनेलातून सगळं बघत होती. पण जयरामचं लक्ष वर होतं, फांदीकडे.

शिंजीर काही आला नाही. आले मुंगळे, आणि त्यांच्यामागून गांधीलमाश्या. जयराम हटला नाही. रोज सकाळी ओला पंचा, रोज ताजी बाटली!

आणि मग संध्याकाळी सगुण चहाला यायचा थांबला.

सगुण म्हणजे शाळेपासूनचा जोडीदार. जयरामच्या दारापुढच्या बलकावातल्या सोप्यावर बसायचं, चहात उंडो पाव बुडवायचा आणि साऱ्या जगाला नावं ठेवायची, यावाचून दोघांचा दिवस मावळत नसे. तो सगुण आता हाक मारली तर “म्हशीचा बघतंय” म्हणून गोठ्यात शिरू लागला. पुढे त्याने वाटेवरचं फाटकच तारेने बांधून टाकलं! जयरामची स्कूटर त्याच वाटेने रस्त्याला लागायची. ती आता गटार ओलांडून उचलून न्यावी लागे.

“सरस्वती, सगुण बरो आसा मगो?” त्याने जनेलाखाली जाऊन विचारलं.

“बरो होतो!” ती म्हणाली आणि तिने जनेल धाडकन लावून घेतलं.

जयराम आठवत बसला. आपण काय बोललो? त्याच्या नव्या कवळीला हसलो होतो, ते लागलं असेल? सगुण नसेल तर उरलेलं आयुष्य कोणाशी बोलायचं? सुमंगलाशी? ती तर ऐकूनच घेत नाही!

अशात एका सकाळी फणसाखाली त्याला कापलेलं लिंबू, फोडलेला नारळ आणि कुंकवाची भरपूर पिंजर दिसली. तो धावत घरात शिरला.

“सुमंगला! माज्यार कोणी करणी केल्यान! सगुणाक माज्यापासून तोडल्यान, ता ह्येच्यानच!”

सुमंगलाने प्रथमच मान वर केली. “चला देवळात,” ती म्हणाली. “गाऱ्हाणा घालूया.”

देवळात सगुण आधीच नारळ घेऊन उभा होता. तोंड सुकलेलं, दाढी वाढलेली. त्याला पाहून जयरामचा जीव कळवळला. म्हणजे यालाही कोणीतरी छळतंय! गाऱ्हाणं कोणाचंही असो, जमलेल्यांनी साथ द्यायची असते. जयराम पुढे सरसावला. गुरवाने सगुणचा नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या म्हशीचा दूद कोणी आटवला आसात...”

“व्हय म्हाराजा!” जयराम गरजला. दोस्ताची म्हैस ती आपलीच म्हैस!

“ह्येच्या हद्दीर फेणयेची बाटली टांगली आसात...”

“व्हय म्हा...”

“तांबडा कापड बांदून, आत रगात भरून ठेयला आसात...”

“व्हय,” जयराम पुटपुटला.

“तर त्येचे हातपाय वाकडे कर, त्येची वाचा बंद कर!”

वाचा बंद झालीच होती. सगळं देऊळ साथीसाठी जयरामकडे बघत होतं. सुमंगलाने कोपर मारलं.

“रगात न्हय!” जयराम किंचाळला. “बीट! बीट आसा ता! शिंजिरांक सरबत रे सगुणा!”

मग मोबाईल निघाला. व्हिडिओ सगळ्या देवळाने पाहिला, गुरवाने दोनदा. सगुण पायरीवर बसला आणि हसता हसता रडायला लागला.

“मेल्या, आणि मी तुज्यार संशय घेतलंय! फणसाखाली लिंबू-नारळ पण मीच ठेयलंय! म्हस गाभण आसा, म्हणान दूद आटला आसतला!”

जयरामचा जीव भांड्यात पडला. घरी येताना सगुणने स्वतःच्या हाताने फाटकाची तार सोडली. आता ही कटकटच नको म्हणून जयराम बाटली काढायला फणसाकडे गेला. सगुण धावत आला आणि त्याने त्याचा हात धरला.

“हात लावू नको!”

“आरे, सरबत ता!”

“ता माका म्हायत आसा, तुका म्हायत आसा,” सगुण आवाज खाली आणून म्हणाला. “राखणदाराक म्हायत आसा? इतके दीस सकाळी उठान गोड पियता तो. आता एकदम बंद केलंस आणि तो रागावलो म्हंजे?”

जयरामने वर फांदीकडे पाहिलं.

“आणि बीट तसाच घाल,” सगुण म्हणाला. “त्येका आवाडला आसतला.”

जयराम निमूटपणे आत गेला आणि बीट किसायला बसला.