चिखलाला पुढे स्कोप काय?

मुलाचं भवितव्य त्याच्या जन्माआधी ठरत नाही, ही शिक्षणव्यवस्थेतली फार जुनी त्रुटी आहे. ती दूर करण्याचे प्रयत्न सर्व पातळ्यांवर सुरू आहेत.

आमच्या वेळी विषय निवडायचे ते शाळा संपत आल्यावर. तोवर मूल निव्वळ मूल असायचं; दिशाहीन, गुडघे फुटलेलं. त्या पद्धतीतून काय निष्पन्न झालं ते पाहायला लांब जायला नको. मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली आणि विमा कंपनीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. (घरातल्या कुंड्या सासूबाई सांभाळतात. मी हात लावलेलं झाड जगत नाही.) नवरा यांत्रिकी शिकला आणि बँकेत लागला. मिक्सर बिघडला की तो त्याच्याकडे आदराने बघतो आणि दुरुस्तीवाल्याकडे नेऊन देतो.

त्यामुळे आमच्या लेकीच्या शाळेने विषयनिवड थेट बालवर्गात आणली तेव्हा पालकसभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. (कोण वाजवत नाही हे मुख्याध्यापिका बघत होत्या.)

लेक पाच वर्षांची आहे. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण ती इकडून तिकडे जाताना रिकाम्या हाताने जात नाही. खडा, बाटलीचं झाकण, एकदा तर शेजारच्या काकूंची एक चप्पल. काही ना काही ओढून नेत असते. शाळेत तिच्यासमोर तीन विषय होते: माती, पाणी आणि गोष्टी. पूर्वी या तिन्हींना मिळून खेळाचा तास म्हणत. आता शाखा म्हणतात.

चुकीची शाखा घेतल्याने आयुष्याची माती होऊ नये म्हणून शाळेने एक मार्गदर्शक नेमले आहेत. त्यांनी स्वतः चार पदव्या घेतल्यात, चारही वेगवेगळ्या दिशांच्या. त्यामुळे कुठली वाट कुठे बंद होते हे त्यांना स्वानुभवाने माहीत आहे.

"ताई, माती घेतलीत की वैद्यक बंद," ते म्हणाले.

"दंतवैद्यकसुद्धा?"

"ते उघडं राहतं. साचे करावे लागतात ना."

"आणि पाणी?"

"पाण्यात उत्तम भवितव्य आहे. पण सध्या सगळे पाण्यातच उतरलेत. तुमची मुलगी बाहेर पडेपर्यंत पाय ठेवायला जागा राहणार नाही."

"मग गोष्टी घेऊ का?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गोष्टींमधून वकिली आहे, जाहिरात आहे. लेखनही आहे, पण ते पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर."

शाळेच्या पाहणीनुसार शंभरातल्या एकशेचार पालकांना मुलाचा सर्वांगीण विकास हवा असतो. (काही घरांतून आई आणि बाबा यांनी स्वतंत्र मत नोंदवलं. उरलेल्या घरांतून बाबांनी आईचंच पुन्हा नोंदवलं.) परंतु जागा मर्यादित असल्याने निवड मुलाच्या नैसर्गिक कलानुसारच व्हावी, असं धोरण आहे. त्यासाठी कलचाचणी. ज्याचा कल कुठेच दिसत नाही, ते मूल सर्वसाधारण गटात जातं. हा गट शाळेच्या मागच्या अंगणात भरतो. तिथे एक गळका नळ आहे, पडकी भिंत आहे, आणि मुलांवर लक्ष ठेवायला एक मावशी आहेत. अभ्यासक्रम नाही.

त्या रात्री मी जेवले नाही.

"अगं, अजून तिला स्वतःचं नाक पुसता येत नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तिचा कल कसला शोधताय?"

नाक पुसण्याला गुण नाहीत, हे मी त्यांना शांतपणे समजावलं.

सुदैवाने आमच्या गल्लीतच, इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत, एक बाई वर्ग घेतात. दारावर पाटी आहे: 'येथे नैसर्गिक कल तयार करून मिळेल.' खोलीत तीन टब, एक सतरंजी आणि इस्त्रीची ऊब.

"कुठला कल हवाय?" बाईंनी विचारलं.

"कुठलीच वाट बंद न करणारा."

"म्हणजे समतोल. त्याला वेळ लागतो, पण बसेल."

समतोल कलाचं तंत्र सोपं आहे. मुलाने मातीला हात लावायचा, हसायचं, हात पुसायचा. मग पाण्याला हात लावायचा, हसायचं, हात पुसायचा. मग पुस्तक उघडून "अरे वा!" म्हणायचं. हे झालं की परीक्षकांना निवड करता येत नाही आणि ते पालकांनाच विचारतात. मुंगी हे सगळं घरी इतकं सफाईने करायला लागली, की जेवायला बसतानाही ताटाकडे बघून "अरे वा!" म्हणायची.

चाचणीच्या दिवशी आम्हा पालकांना काचेपलीकडे उभं केलं होतं. शेजारच्या काकूही होत्या; त्यांचा मुलगा आधीच पाण्यात निवडला गेला होता आणि त्या कोरड्या समाधानाने बाकीच्यांकडे बघत होत्या. मुंगी आत गेली. मातीसमोर उभी राहिली, हसली. मी श्वास रोखला. मग तिने फ्रॉकचा ओचा केला, त्यात मावेल तेवढी माती भरली आणि चालत जाऊन पाण्याच्या टबात ओतली. कोपरापर्यंत हात घातले. ढवळलं. नंतर टबाला टेकून खाली बसली आणि आतल्या चिखलाला गोष्ट सांगू लागली. (गोष्ट बरी होती. एका मुंगीची होती.)

परीक्षकांची बैठक लांबली. शेवटी मार्गदर्शक बाहेर आले आणि मुंगीसमोर उकिडवे बसले.

"बाळा, या चिखलाचं पुढे काय होणार?"

"वाळणार," मुंगी म्हणाली.

'उद्दिष्ट अस्पष्ट' असा शेरा पडला. कल: चिखल. अशी शाखा उपलब्ध नसल्याने गट: सर्वसाधारण.

"होतं असं कधीकधी," काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "मन खट्टू करून घेऊ नका. सगळ्यांचीच मुलं हुशार कशी असतील?"

मागच्या अंगणात गेल्यावर मुंगीत झपाट्याने बदल झाले. ती कानापर्यंत माखून घरी यायची. मागून दोनदा वाढून घ्यायची आणि ताटावरच पेंगायची. सकाळी हाक न मारता उठायची आणि बूट घालून दाराशी उभी राहायची. लक्षणं चिंताजनक होती.

"आई, आम्ही आज नदी केली. उद्या तिला भिंतीकडे वळवणार."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

हीच भीती होती.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. तक्रारींना उत्तरं देण्याची नोकरी करत असल्यामुळे, कुठल्या तक्रारीला उत्तर देता येत नाही हे मला नेमकं ठाऊक आहे. तशी एक तक्रार मी शाळेला लिहिली. धरणं, विटा, शेती, मूर्तिकला, चेहऱ्याला लावायचे लेप, हे सगळं चिखलातूनच उगम पावत असताना शाळेने या क्षेत्राकडे पाठ फिरवणं म्हणजे एका पिढीचं नुकसान आहे, असं म्हटलं. मी मागणी एवढीच केली होती, की माझ्या मुलीला कुठेतरी सामावून घ्या. शाळेने शाखाच काढली: 'संयुक्त पदार्थ अध्ययन (चिखल)'.

झुंबड उडाली. इस्त्रीच्या दुकानावर चिखलाची खास तुकडी सुरू झाली. ज्यांना आयुष्यात डाग लागला नव्हता अशी मुलं, आंघोळ करून, भांग पाडून, मळायला शिकायला येऊ लागली. काकूंनी मला जिन्यात गाठलं.

"तुम्ही आधी बोलायचं होतंत हो! आमच्याला तर जन्मतःच चिखलाची आवड होती. आम्हीच ओरडून ओरडून मोडली."

"आता?"

"आता रोज संध्याकाळी ओरडून ओरडून पाठवतो. जातच नाही मेला."

मुंगीला पहिली जागा मिळाली, मूळ कल तिचाच म्हणून. नवा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, पांढऱ्या फरशीचा. पहिल्या सत्रात चिखलाची ओळख, चिखलाचे प्रकार आणि चिखलाची चित्रं. प्रत्यक्ष चिखल दुसऱ्या सत्रात, तोही उत्तीर्ण होणाऱ्यांना, हातमोजे घालून. ती आता घरून जाते तशी घरी येते. नवऱ्याने या शाखेचा मोठा फायदा लगेच ओळखला: कपडे धुवावे लागत नाहीत.

"आई, मला मागे जाऊ दे ना," मुंगी म्हणाली.

"बाळा, मागे नसतं जायचं. आपल्याला पुढे जायचंय."

तिने मान हलवली. "अरे वा," म्हणाली.

परवा फ्रॉक धुवायला टाकताना मी सवयीने खिसा उलटा केला. खडा नव्हता. झाकण नव्हतं. काहीच नव्हतं. मी दुसराही खिसा उलटा केला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत न जाता शाळेत गेले. मागचं अंगण रिकामं होतं. उरलेली पोरंही आता वर चिखल शिकतात. नळ गळत होता. नदी भिंतीपर्यंत पोचायच्या आतच वाळली होती. मावशी पायरीवर बसल्या होत्या.

"इथे पाठवायचं तर काय करावं लागतं?" मी विचारलं.

"काही नाही. पाठवायचं."

मी ओळखीतल्या पुष्कळ आयांना हे सांगितलं. अर्ज नाही, चाचणी नाही, हवं त्याने यावं. प्रत्येकीने एकच विचारलं: त्याला पुढे स्कोप काय? मुंगी अजून पहिल्या मजल्यावरच आहे. कारण सगळी मुलं वर असताना आपलं एकटंच खाली कसं ठेवायचं?

पण एक मूल जरी खाली गेलं, तरी माझी तयारी आहे. तुमच्याकडेही असेलच ना त्या वयाचं कोणी? तुमचा एवढ्या वेळात मुंगीवर जीवही जडला असेल. तर असं करू: उद्या तुम्ही तुमचं पाठवा, मागोमाग मी माझी पाठवते.

का हो, गप्प का झालात?