दक्षिणमुखी टेलिफोन

काटोलच्या पाहुण्यांना ताराचंदच्या किराणा दुकानाचा नंबर द्यायचा नाही, आपल्या घरचा द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. (माझ्यासारख्याने काही ठरवू नये, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं.)

त्र्याऐंशी सालची गोष्ट. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी फोन लागून तीनच आठवडे झाले होते. अर्ज केला तेव्हा आमची प्रेमिला फ्रॉक घालत होती, आणि फोन लागला तेव्हा तिला पाहायला पाहुणे येत होते. मी संत्र्याच्या बाजारात पेट्या ठोकून म्हातारा झालेला माणूस. शाळेत गेलो नाही, अक्षरं शिकलो ती पेट्यांवरच्या छापांवरून. अशा माणसाच्या घरी फोन म्हटल्यावर त्यावर क्रोशाचा रुमाल आला, रुमालावर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ आला. नंबर फिरवायचा तर आधी बाग हलवावी लागे.

थोरला अनंत कळमेश्वरच्या कारखान्यात विजेच्या कामावर, रातपाळीला. एका फोनवर त्याचं समाधान होईना. त्याने एकाचे तीन केले. एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक वर त्याच्या खोलीत. बैठकीच्या भिंतीवर एक डबा ठोकला, त्याला लाल टोकाची मूठ. बाहेरून आलेला फोन ज्या खोलीत वाजायला पाहिजे, त्या खोलीच्या खुणेवर मूठ फिरवायची. घरातल्या घरात बोलायला वेगळं बटण. ते इतकं झकास चाले, की मनकर्णा, म्हणजे आमची बायको, दहा पावलांवरच्या चुलीजवळून फोन करून मला विचारी, "अजी, जेवता काय?"

बाहेरून मात्र तीन आठवड्यांत एकही फोन आला नाही. मी समजलो, आपल्याला कोणी ओळखत नसेल.

त्यात रविवारी काटोलचे देवराव मुलासाठी प्रेमिलाला पाहून गेले. मुलगा चांगला, पोरीच्याही मनात भरलेला. जाताना देवराव म्हणाले, "गुरुवारी चार वाजता ट्रंक कॉल लावून कळवतो. नाही लागला तं समजू, तुमचा विचार नाही. शुक्रवारी दुसरीकडं मुलगी पाहाले जायचं आहे."

मी रुबाबात घरचा नंबर दिला. सोमवारी मनात आलं, एकदा लागतो का ते तर पाहावं. बैठकीत बसलो, बाग हलवली, आणि आपलाच नंबर फिरवला. एंगेज. मला आनंद झाला, म्हणजे कोणीतरी आपल्याला फोन करतंय. ठेवून दिला, वाट पाहिली. वाजेना. पुन्हा फिरवला. पुन्हा एंगेज. दुपारपर्यंत हेच. शेवटी तक्रार लिहवून आलो.

मंगळवारी रुपराव लाइनमन आला.

"नंबर सारखा एंगेज येऊन राहिला गा," मी म्हटलं.

"कुठून लावला?"

"इथूनच."

"अन् लावला कुठं?"

"इथंच."

रुपरावने आपली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "नानाजी, घरात बसून आपल्याच दाराची कडी वाजवली तं पाहुणा येते काय? बाहेर जा अन् तिकडून लावा."

मी ताराचंदच्या दुकानातून लावला. कानात घंटी ऐकू आली, एकदम खणखणीत. कोणी उचलेना. घरी आलो तर मनकर्णा फोनसमोर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

"वाजला?"

"नाई."

"अवं, मी स्वतः ऐकला."

"तिकडं ऐकला असन. इकडं मी हालली नाई, अन् फोनही हालला नाई."

तीन खेपा झाल्या. (ताराचंदने तिसऱ्या खेपेला विचारलं, "नानाजी, वहिनीसोबत बोलणं बंद आहे काय?") चौथ्या खेपेला रुपराव म्हणाला, "घंटी गेली म्हणजे वाजतेच कुठंतरी. तुम्ही लावा, मी शोधतो." तो शोधत शोधत वर गेला. अनंत रातपाळी करून झोपलेला, आणि उशाच्या फोनमधून खुडूक कोंबडीसारखा आवाज. दिवसा झोपमोड नको म्हणून त्याने घंटीत आपला मोजा कोंबला होता.

मी परत आलो तेव्हा रुपराव डब्यासमोर उभा होता. "मूठ वरच्या खोलीवर कोणं फिरवली?"

"मी," मनकर्णा म्हणाली. "रोजच फिरवते. हे टोक दक्षिणेकडं करून ठेवतात. यमाची दिशा. दिव्याची वात तरी करतो का आपण तिकडं? मी उत्तरेकडं करते. कुबेराकडं."

"वहिनी, दक्षिणेकडची खूण बैठकीची आहे. ती फिरवाल तं इथं फोन कसा येईन?"

"पोरीच्या लग्नाचा फोन यमाकडून आलेला पाहिजे काय तुम्हाले?"

  रुपरावने चहा मागितला, दोन घोट घेतले, भिंतींकडे पाहिलं, आणि पश्चिमेच्या भिंतीवरचा डबा सोडवून समोरच्या, पूर्वेच्या भिंतीवर ठोकला. बैठकीची खूण होती तशीच डाव्या हाताला राहिली, पण आता तो डावा हात उत्तरेला आला. मनकर्णाने डब्याला हळदकुंकू लावलं. मोजा अनंतच्या पायात गेला. ताराचंदच्या दुकानातून लावलेला फोन बैठकीत वाजला.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता.

गुरुवारी साडेतीनपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कोणी मूठ फिरवली तर? मी दुकानात गेलो, नंबर लावला.

"हॅलो," प्रेमिला.

"मी बोलून राहिलो. वाजला काय?"

"वाजला ना, बाबा."

घरी आलो, मूठ पाहिली, पुन्हा दुकानात. "वाजला काय?" "वाजला." पुन्हा घरी. पुन्हा दुकानात. चारला पाच कमी असताना पोरगी म्हणाली, "बाबा, आता नका लावू जी." पण चार वाजून गेल्यावर मला राहवेना. शेवटचा म्हणून लावला.

एंगेज.

 सोमवारचा तोच आवाज. धोतराचा सोगा धरून पळत सुटलो. घरात शिरलो तर प्रेमिला फोन कानाला लावून, मान खाली घालून उभी. बोलत नाही, काही नाही. मी समजलो, पोरीने पाहायला उचलला आणि ठेवायला विसरली.

"ठेव वं खाली, काटोलचा फोन येऊन राहिला," असं ओरडत मी तिच्या हातातून तो ओढला आणि आपटला.

प्रेमिलाने माझ्याकडे पाहिलं. "तोच होता, बाबा."

त्यानंतर फोन वाजला नाही. पोरगी जेवली नाही. मनकर्णा माझ्याशी बोलली नाही, स्वयंपाकघराच्या फोनवरूनसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी पहिल्या बसने देवराव स्वतः दारात हजर. सोबत संत्र्यांची करंडी. मी उठून उभा राहिलो.

"मुलगी पसंत आहे," खाली बसत ते म्हणाले. "काल हेच सांगत होतो. मुलीले म्हटलं, बाबाले बोलव. ती म्हणे, दुकानात गेले. म्हटलं, धरून ठेव फोन, मी थांबतो. तं कोणीतरी माणूस आरडत आला अन् फोन आपटला. माझा कान अजून दुखून राहिला. दुसऱ्यांदा लागलाच नाही, म्हणून आलो. कोण होता तो?"

मी मनकर्णाकडे पाहिलं. तिने पाण्याचा गडवा शांतपणे पुढे केला आणि ती म्हणाली,

"लाइनमन होता जी. डोक्यानं थोडा अधू आहे."

"अशा माणसाले घरात घेत जाऊ नका, नानाजी."

"नाही घेत," मी म्हटलं.

लग्न छान झालं. आता काटोलहून फोन आला की मनकर्णाच बोलते. माझा आवाज ऐकून व्याह्यांना तो लाइनमन आठवेल, अशी तिला धास्ती. मी अंगणात जाऊन उभा राहतो. तिकडून ते विचारतात, नानाजी कुठं आहेत? ती म्हणते, दुकानात.