सोप्यातली भिंत

घराच्या पुढल्या सोप्याच्या भिंतीला ओल येऊन गिलाव्याचे पोपडे निघाले होते, आणि रविवारपर्यंत ही भिंत आरशासारखी करायचीच, असं ऐश्वर्याने ठरवलं होतं. घर तिच्या धाकट्या बहिणीचं, मोनाचं, हुपरीतलं. दोघींचं बोलणंच तसं झालं होतं. ऐश्वर्याने मोनाचा सोपा सजवायचा, मोनाने कोल्हापुरात ऐश्वर्याचं स्वयंपाकघर. तीन दिवस घरं बदलायची, एकमेकींना काही विचारायचं नाही.

मोनाचा नवरा सम्मेद मागच्या खोलीत पैंजण घडवायचा. त्यालाही सोप्यात यायची बंदी होती.

"अक्का, गवंडी बोलवू का?" त्याने बाहेरूनच विचारलं.

"कशाला? मला हात न्हाईत व्हय?"

शुक्रवारी सिमेंट आलं, पण वाळू मिळेना. दुकानदार म्हणाला, सोमवारी. सोमवार ऐश्वर्याला चालणार नव्हता. दाराआड तीन पत्र्याचे डबे होते, काळ्या धुळीने काठोकाठ भरलेले. तिने चिमूटभर बोटांत चोळून पाहिली. अगदी बारीक, चाळायचीही गरज नाही. मोना असला कचरा साठवून ठेवते याचं तिला नवल वाटलं नाही. पोरगी लहानपणापासूनच आळशी. तिन्ही डबे सिमेंटात कालवून तिने भिंत लिंपली, शनिवारी तीवर पिस्ता रंगाचे दोन हात मारले आणि रिकाम्या डब्यांत जास्वंद लावली.

रविवारी मोना आली. ऐश्वर्याने थाटात दार उघडलं. सम्मेदने भिंतीकडे पाहिलंच नाही. तो दाराआड वाकून बघत होता.

"अक्का, हितलं डबं कुठं गेलं?"

"जास्वंद लावली की त्यात."

"आणि आतली धूळ?"

"भित्तीत हाय. चिमूटभर वाया घालवली न्हाय."

सम्मेदने भिंतीवरून हात फिरवला. "मागल्या खोलीतल्या कारखान्यातली झाडलेली धूळ हाय ती. घासताना चांदीचा कीस उडतोय, तो त्यात पडतोय. वर्षभर साठवून, धुऊन चांदी काढायला देतो आम्ही."

ऐश्वर्याने पदर खोचला आणि हातोडा मागितला.

"राहू दे अक्का, माणूस बोलवतो."

"मी लिंपली, मीच फोडणार."

संध्याकाळपर्यंत भिंतीच्या विटा उघड्या पडल्या आणि पिस्ता रंगाच्या तुकड्यांची सहा पोती दाराशी उभी राहिली. मोना भांडेल, चार शब्द सुनावेल, अशी ऐश्वर्याच्या मनाची तयारी होती. मोना मात्र निमूटपणे खाली चादर धरून तुकडे गोळा करत राहिली. मध्येच चहाही करून आणला.

"असू दे गं अक्का. चुका हुत्यातच की माणसाकडनं."

ऐश्वर्याचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या मनाच्या पोरीला आपण आळशी समजलो, याची तिला लाज वाटली.

निघताना मोना तिची पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत आली.

"अक्का, घरी गेलीस की आधी पाणी पी. मग स्वैपाकघरात जा."

"का गं?"

"तुझं जुनं फडताळ काढलं मी. त्याच्या पाठीमागं भिंतच न्हवती."

"मग काय हुतं?"

"शेजारच्या चिमणाबाईंचं स्वैपाकघर." मोनाने पिशवी तिच्या हातात दिली. "बाई बऱ्या हाईत तशा. काल दाजींना तिकडनंच आमटी वाढली."